नीजपट्टी

एका राज्यात, जिथे डोंगर थकले की खाली बसत आणि पाखरे मनात आले तर माणसांशी बोलत, तिथे रंगपेठ नावाचे गाव होते. गाव विणकरांचे आणि रंगाऱ्यांचे. तिथले लुगडे नदीत धुतले तर नदीचा रंग उतरे, लुगड्याचा उतरत नसे. घाटातून तांडे येत, गाठोडी भरून नेत, आणि गावातल्या तीनशे चाळीस चुली दोन्ही वेळा पेटत.

मग एका वर्षी घाटातला डोंगर खाली बसला. उंट बसतो तसा, आधी पुढचे गुडघे मोडून, मग मागचे. वाट बुजली. तांडे थांबले. घराघरांत कापडाचे गठ्ठे आढ्याला टेकले आणि घेणारा कोणी उरला नाही.

कर मात्र थांबले नाहीत. चुलीवर चूलपट्टी होती, मागावर मागपट्टी होती, रंगाच्या कढईवर कढईपट्टी होती. पहिल्या वर्षी त्या दुप्पट झाल्या, दुसऱ्या वर्षी तिप्पट. तिसऱ्या वर्षी राजाचा कोशपाल कालकेतू याने नवा हुकूम काढला. ज्याच्यापाशी नाणे नाही, त्याने झोप द्यावी. कालकेतू मांत्रिक होता. त्याची माणसे मोरपीस आणि मडकी घेऊन येत, माणसाच्या डोळ्यांवरून पीस फिरवीत, आणि झोप मडक्यात उतरली की तोंडाला फडके बांधून ती गाडीत ठेवीत. या कराला लोक नीजपट्टी म्हणू लागले.

हे सारे हुकूम गावाला ऐकवण्याचे काम तुळाजीचे होते. तुळाजी दवंडीवाला. गळ्यात हलगी, आवाज असा की नदीपलीकडची गुरे मान वर करीत. वीस वर्षे त्याने जत्रा सांगितल्या, हरवलेली वासरे सांगितली, राजपुत्राचे बारसे सांगितले. गेली तीन वर्षे त्याने फक्त पट्ट्या सांगितल्या. तो दिसला की बायका दार लावून घेत.

त्यात एक गोष्ट अशी होती की राजाच्या चाकराला नीजपट्टी माफ होती. तीनशे चाळीस घरांच्या त्या गावात झोप येणारा माणूस एकच उरला होता, आणि तो तुळाजी होता. त्याची बायको गोदा हिच्या नावावर स्वतंत्र माग होता, म्हणून तिची झोप गेली होती. डोळे तांबारलेले, उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, अशी ती मागावर बसे. एकदा तो तिच्याजवळ जाऊन नुसताच उभा राहिला. ती म्हणाली, "तुम्ही निजा. घरात कोणीतरी निजायला हवं." त्या दिवसापासून त्याच्यापाशी झोप होती, पण ती डोळ्यांवर यायला धजत नव्हती.

चैत्रातल्या एका सकाळी रंगपेठेची सभा भरली. नदीकाठी कापड वाळवण्याचे मोकळे मैदान होते, तिथे. बांबू रिकामे उभे होते. लोक जमले, पण कोणाला एका जागी बसवेना. कोणी उठे, कोणी बसे, कोणी बोटाला दोरा गुंडाळी आणि सोडी. पोरे विनाकारण किंचाळत होती आणि आयांना त्यांच्यावर रागवायचेही त्राण नव्हते. रंगाऱ्यांनी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा निळीच्या कढईत तांबडी मंजिष्ठ ओतली होती.

सभेत सर्वांत वडील आवडाबाई होती. सत्तरीची रंगारीण, कोपरापर्यंत हात निळे. ती म्हणाली, "बोला. पण एकेकानं बोला."

एक विणकर ओरडला, "पट्टी वसूल करणाऱ्यांची चौकी जाळू!"

"आणि मग?" आवडाबाईने विचारले.

"मग... पुढचं नंतर बघू."

दुसरा म्हणाला, "गाव सोडू."

"माग पाठीवर घेशील? नदी पाठीवर घेशील?"

शेवटी तिनेच सांगितले. "कर नको असं कोणी म्हणू नका. चोरांच्या वेळी राजाचे शिपाई येतात, पुलाला दगड राजाचे लागतात. ते फुकट होत नाही. पण गाय आटली तर धार काढायची पद्धत बदलतात, गायीला मारत नाहीत. घाट मोकळा होईपर्यंत पट्ट्या चौथाई कराव्यात आणि नीजपट्टी उठवावी. एवढंच मागायचं. कबूल?"

सभेने हात वर केले. काही हात वर जाऊन तिथेच विसरले गेले.

"आता जायचं कोणी?" आवडाबाईने विचारले. कोणी पुढे येईना. झोप नसलेल्या माणसाला राजधानीचा तीन दिवसांचा रस्ता कसा चालवेल? मागच्या महिन्यात एकजण निघाला होता, तो वेशीभोवती दिवसभर फेऱ्या मारून परत आला होता. मग हळूहळू सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळले. तुळाजी मैदानाच्या कडेला, सगळ्यांपासून चार हात दूर उभा होता.

"मी राजाचा चाकर," तो म्हणाला. "राजापुढं राजाविरुद्ध कसं बोलू?"

"विरुद्ध कोण बोल म्हणतंय?" आवडाबाई म्हणाली. "वीस वर्षं राजाचं बोलणं गावाला ऐकवलंस. आता एकदा गावाचं बोलणं राजाला ऐकव."

तुळाजीने गोदाकडे पाहिले. ती उठली. घरी जाऊन तिने भाकऱ्या बांधून आणल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या.

तीन दिवस तो चालला. वाटेत थांबला तरी पाय थांबत नसत, बसल्या जागी टाचा जमिनीवर आपटत राहत. तिसऱ्या दिवशी दुपारी राजधानीच्या वेशीवर तो एका उंबराखाली टेकला. वर फांदीवर हिरवे, लाल कपाळाचे एक तांबट पाखरू बसले होते आणि तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसे टुक टुक करीत होते.

"तुझ्या टाचांचा ताल चुकतोय," पाखरू म्हणाले.

"माझं सगळंच चुकतंय," तुळाजी म्हणाला.

"खोडावर खाली तीन उंबरे पिकली आहेत. मुंग्या मला जवळ येऊ देत नाहीत. ती काढून दिलीस तर तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरे देईन. मी खोटे बोलत नाही, कारण मला त्यातून काही मिळत नाही."

तुळाजीने उंबरे काढली. मुंग्या मनगटापर्यंत चावल्या. पाखराने पहिले उंबर खाल्ले.

"राजा भेटेल कुठं?" तुळाजीने विचारले.

"दरबारात. पण बसलेला दिसणार नाही. राजा महीधर सात वर्षे चालतो आहे. कुठेही बसला की पाय पेटतात, म्हणून जेवतोही चालत आणि निजतोही चालत." पाखराने दुसरे उंबर खाल्ले.

"राजा माझं ऐकेल का?"

"कोशपाल ऐकू देणार नाही. करात सूट मागणाऱ्याने तीन कामे करावीत, असा त्याने नियम केला आहे. हरला तर जन्मभराची झोप जप्त, आणि त्याच्या गावाच्या पट्ट्या दुप्पट. आजवर अकराजण हरले." तिसरे उंबर पाखराने चोचीत धरले. "तिसरा प्रश्न आता विचारू नकोस. लागेल तेव्हा विचार. मी कोशागाराच्या खिडकीत असेन."

दरबारात राजा खरोखरच चालत होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खांद्यावर किरमिजी शेला, मागे धावणारे दोन चवरीवाले. सिंहासनाशेजारी कालकेतू उभा होता. दाढी पांढरी, पण चेहरा नुकत्याच उठलेल्या बाळासारखा टवटवीत.

तुळाजीने सभेचे मागणे सांगितले. वीस वर्षे दवंडी देणाऱ्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच कापला.

राजा चालता चालता म्हणाला, "कोशपाल, याचे म्हणणे वाजवी वाटते."

"महाराज, कोशागारातला तांब्याचा हंडा अजून भरलेला नाही," कालकेतू म्हणाला. "तो भरेपर्यंत आपले पाय थांबणार नाहीत. नाणी टाका, तो गिळतो. झोप ओता, तीही गिळतो. करात सूट दिली तर तो कधी भरणार?"

राजाने मान खाली घातली आणि चाल वाढवली.

"मागणाऱ्याने तीन कामे करावीत," कालकेतू म्हणाला. "पहिले काम. मडक्यांच्या कोठारात राज्यभरातली दहा हजार मडकी आहेत. सारी एकाच चाकावरची, एकाच मापाची. त्यांतून तुझ्या गावाची निवड. एकही चुकता कामा नये."

कोठारात तुळाजीने मडक्यांच्या रांगा पाहिल्या. खूण नाही, नाव नाही. त्याने एकाला कान लावला. आत कोणीतरी संथ श्वास घेत होते. कोणाचा श्वास ते कसे ओळखावे? तो रांगांमधून फिरला, परत फिरला. शेवटी दुसरे काही सुचेना म्हणून त्याने आपली हलगी काढली, तिच्यावर काडी मारली आणि आयुष्यभर ओरडला तसे ओरडला, "ऐका हो ऐका!"

दहा हजारांतली बहुतेक मडकी होती तिथेच राहिली. पण काही मडकी थरथरली, जागेवरून सरकली, घसटत घसटत मागे गेली आणि भिंतीला जाऊन चिकटली. लहान मूल मार बसेल म्हणून हात वर करते, तशी.

शिपायांनी ती मोजून वसुलीच्या वहीशी ताडली. तीनशे चाळीस घरांची नऊशे बारा मडकी. एकही चुकले नव्हते. रंगपेठेच्या झोपेने तुळाजीचा आवाज ओळखला होता आणि ती त्याला घाबरली होती. चारही बाजूंनी लोक शाबास म्हणत होते. तुळाजी खाली बसला आणि त्याने हलगी उलटी करून ठेवली. भिंतीशी टेकलेल्या एका मडक्याजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "भिऊ नका. या वेळी पट्टी सांगायला आलो नाही." मडके थरथरतच राहिले.

कालकेतूच्या कपाळावर एक आठी आली. "दुसरे काम," तो म्हणाला. "वैद्य हरले, ज्योतिषी हरले. महाराजांचे पाय घटकाभर थांबवून दाखव. त्यांना हात लावायचा नाही."

तुळाजी राजाच्या बरोबरीने चालू लागला. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, परत आला. मग त्याची नजर राजाच्या खांद्यावरच्या शेल्यावर पडली आणि तो क्षणभर चालायचे विसरला.

"महाराज, हा शेला कुठला?"

"रंगपेठेचा. गेल्या दसऱ्याला पट्टीपोटी आला."

"पदराजवळ एक तपकिरी ठिपका आहे."

"आहे. वेगळीच नक्षी. मला ती आवडते."

"ती नक्षी नाही, महाराज. हा शेला माझ्या घरात विणला गेला. बायकोचं नाव गोदा. ती तोवर चाळीस दिवस निजली नव्हती. शेवटची वीतभर वीण राहिली असता तिचा अंगठा मागाच्या फणीत सापडला. नख गेलं. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, थांबले तर शेला वेळेत जायचा नाही, आणि गेला नाही तर तुमच्यावर येईल. तिनं चिंधी बांधली आणि पुरा केला. धुतला, पण डाग गेला नाही. आमच्या गावचा रंग जात नाही, महाराज, कुठलाच."

राजाने शेला खांद्यावरून काढला. तो ठिपका बोटाने चाचपला. "दुखलं असेल," तो म्हणाला. राजासारखा नव्हे, साध्या माणसासारखा म्हणाला.

"ती बोलली नाही."

"मला हे कोणी सांगितलं नाही."

"मी सांगायला हवं होतं. मी तिकडचं इकडे कधी आणलंच नाही."

चवरीवाले धावत पुढे निघून गेले आणि मग थबकले, कारण राजा मागे राहिला होता. तो दरबाराच्या मधोमध शेला हातात धरून उभा होता. घटिकापात्र भरले आणि बुडाले. राजा उभाच होता. ते लक्षात येताच तो दचकला आणि पाय पुन्हा चालू लागले.

"तिसरे काम," कालकेतू घाईने म्हणाला. "हंडा भर."

कोशागारात पुरुषभर उंचीचा तांब्याचा हंडा होता. तुळाजीने कमरेची तीन नाणी आत टाकली. बराच वेळ तो कान लावून उभा राहिला. तळाचा आवाज आलाच नाही. हलगी टाकली, ती गेली. मुठीने माती टाकली, ती गेली. शिपाई हसू लागले. खिडकीत तांबट पाखरू तिसरे उंबर चोचीत धरून बसले होते.

"हंडा भरत का नाही?" तुळाजीने विचारले.

पाखराने उंबर गिळले आणि हंड्याच्या काठावर येऊन तीनदा चोच मारली. हंडा घुमला. पाखरू ऐकत राहिले. तांब्याची भाषा त्यालाच कळत होती.

"हंडा म्हणतो, मी राजाचा नाही," पाखरू म्हणाले. "मी एका गावाचा. बऱ्या दिवसांत प्रत्येक घर माझ्यात मूठ टाकी, वाईट दिवसांत मूठ काढी. या राजाच्या आजाने मला सांभाळायला म्हणून आणले. मग दुष्काळ पडला, गाव माझ्याकडे आले, आणि आजाने माझ्या तोंडावर हात ठेवून सांगितले की यातून काही निघणार नाही. तेव्हापासून मी घेतो, भरत नाही. त्याच रक्ताच्या हाताने माझ्यातून कोणा गरजवंताला दिले, तरच मी भरेन. घालून नव्हे, काढून."

"थोतांड!" कालकेतू ओरडला. "महाराज, हात घालू नका. कोपरापासून झडून जाईल. मी शास्त्र जाणतो."

राजा हंड्याभोवती फेऱ्या घालू लागला. एक, दोन, सात, बारा. त्याचा श्वास सर्वांना ऐकू येत होता. "हात खरंच झडेल का?" त्याने पाखराला विचारले.

"उंबरे संपली," पाखरू म्हणाले.

राजाने तुळाजीकडे पाहिले. "तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही, महाराज," तुळाजी म्हणाला. "मला भीती वाटते. पण गावात माणसं झोपेवाचून मरायला टेकली आहेत."

राजाने शेला कमरेला बांधला, हंड्याशेजारच्या घडवंचीवर चढला आणि खांद्यापर्यंत हात हंड्यात घातला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग हात वर आला. तो कळंकाने हिरवा झाला होता, पण जागेवर होता, आणि मुठीत एक काळे पडलेले नाणे होते.

"कोणाला देऊ?"

"रंगपेठेला," तुळाजीने ओंजळ पुढे केली.

नाणे ओंजळीत पडले आणि हंड्याच्या तळाशी टण् असा आवाज झाला. मग आणखी एक. राजाच्या आजाच्या काळापासून कोणी तो आवाज ऐकला नव्हता.

राजा हसला आणि मूठ मूठ काढू लागला. आधी दाराशी उभ्या पाणक्यांना दिले, मग पालखीच्या भोयांना, मग झाडणाऱ्या बायकांना. बातमी वेशीबाहेर गेली आणि आसपासच्या वाड्यांची माणसे येऊन रांगेत उभी राहिली. जितके निघे, त्याच्या दुप्पट वर येई. दिवस कलता कलता हंडा काठोकाठ भरला आणि मग साध्या हंड्यासारखा गप्प उभा राहिला. राजा घडवंचीवरून उतरला आणि जमिनीवरच मांडी घालून बसला. पाय पेटले नाहीत.

त्याच क्षणी कोठारातली दहा हजार मडकी तडकली. झोप बाहेर पडली. करड्या पारव्यांच्या थव्यांसारखी ती उठली, राजधानीवरून एक घिरटी घालून आपापल्या गावांकडे गेली. कालकेतूने आजवर लोकांची झोप चोरून प्यायली होती, तीनशे वर्षांच्या वयातही तारुण्य त्यावर टिकवले होते. ती सारी एकदम त्याच्या अंगात उतरली. तो जांभई द्यायला तोंड उघडून खांबाला टेकला आणि तसाच निजला. पुढे त्याच्या दाढीत चिमण्यांनी घरटे केले. तो अजून उठलेला नाही.

"आता कर घ्यायचाच नाही का?" राजाने विचारले.

"घ्यावा, महाराज," तुळाजी म्हणाला. "पण वाईट वर्षी चौथाई. आणि दर चैत्रात सभेला विचारून."

राजाने तसा लेख करून मोहोर उमटवली. घाटातला डोंगर काही उठला नाही, पण हंड्यातल्या पैशाने त्याला वळसा घालून रस्ता काढायला चारशे बेलदार लावले. "आता जा आणि दवंडी दे," राजा म्हणाला. त्याने तुळाजीला नवी हलगीही दिली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तुळाजी रंगपेठेत पोचला. गावात चिडीचूप होते. तो वेशीतच थांबून कानोसा घेऊ लागला. मग त्याला घोरणे ऐकू आले. लोक जिथे होते तिथे निजले होते. रंगारी कढईला टेकून, पोरे रस्त्यात एकमेकांवर, सोनार फुंकणी तोंडात धरून. गोदा मागावर कपाळ टेकवून निजली होती, धोटा हातातच होता. तुळाजीने तिच्या हातातून तो हळूच सोडवला.

त्याने हलगी पाठीवर टाकली आणि काडी कमरेला खोचली. मग तो घरोघर फिरला. अजून धुमसणाऱ्या चुली विझवल्या, पोरांना उचलून सावलीत नेले, सुताचे गठ्ठे खाणाऱ्या शेळ्या हाकलल्या, गायींना पाणी दाखवले. नऊ दिवस तो एकटा गाव सांभाळत होता आणि पावले न वाजवता चालत होता.

दहाव्या दिवशी सकाळी आवडाबाईने एक डोळा उघडला. उशाशी तुळाजी बसला होता.

"किती ठरला?" तिने विचारले.

"चौथाई," तो कुजबुजला. "नीजपट्टी उठली. दर चैत्रात सभेला विचारणार."

आवडाबाईने थोडा विचार केला. "चौथाई मागितली आणि चौथाईच मिळाली?" ती म्हणाली. "मग पंचमांश मागायला हवा होता." आणि कूस बदलून ती पुन्हा निजली.

अशी रंगपेठ निजली, तशी ही गोष्टही आता अंग टाकते. ज्यांचे देणे ठरले त्यांनी निजावे. ज्यांचे ठरायचे आहे त्यांनी सभेला जावे.